उत्तम आर्जव आणि बिनाबिलाची पुडी



दशलक्षण पर्व जवळ आलं की मला तीन वर्षांपूर्वीचं आजारपण आठवतं. गुडघे दुखायचे. आमच्या देऊळगाव राजाच्या बाजारात बसणाऱ्या एका औषधवाल्याकडून जाऊबाईंनी पुड्या आणल्या. "शुद्ध जडीबुटी!" चार दिवसांत मी मंदिराच्या पायऱ्या चढू लागले. त्यात कंदमूळ नाही ना, एवढं मी विचारलं. बिल मात्र मागितलं नाही. बी.कॉम. झालेली, दुधाचाही हिशेब लिहिणारी बाई मी!

वर्षभरात चेहरा गोल झाला, मानेमागे चरबी चढली, हातपाय बारीक झाले. जरा धक्का लागला की काळंनिळं. साखर वाढली. बायका म्हणायच्या, "ताई, तब्येत सुधारली हो."

पर्वात पुडी बंद केली, एकाशन धरलं. तिसऱ्या दिवशी, नेमकं उत्तम आर्जवाच्या दिवशी, पूजेत कोसळले. उलट्या, बीपी खाली. सगळ्यांनी उपवासाला दोष दिला. ह्यांनी जालन्याला नेलं.

डॉक्टरांनी सकाळी आठचं कॉर्टिसोल तपासलं. लक्षणं जास्त स्टेरॉईडची, रक्तात मात्र कॉर्टिसोल अगदी कमी. ताळेबंद जुळेना. "काकू, बाहेरून काय घेता?" तेव्हा पुडी दाखवली.

मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी हे संप्रेरक रोज बनवतात. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिलं की मेंदूतली पीयूषिका हुकूम देणं थांबवते आणि या ग्रंथी आक्रसतात. पुडी अचानक थांबली की शिल्लक शून्य. जिवावर बेततं. हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. 2022 साली अमेरिकेच्या एफडीएने 'आर्ट्री किंग' या सांधेदुखीच्या गोळ्यांबद्दल इशारा दिला होता. त्यात लेबलवर न लिहिलेलं डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक सापडलं होतं.

मला डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दिल्या आणि त्या महिनोन्‌महिने हळूहळू कमी केल्या. त्या वर्षी एकाशन सुटलं, त्याची रुखरुख लागली.

आर्जव म्हणजे आत एक, बाहेर एक असं नसणं. पुडीत ते नव्हतं. पण खरं सांगू? आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीही म्हटलं होतं, "काही घेत नाही हो." म्हणजे माझ्यातही नव्हतं.

तुमच्या घरात अशी पुडी असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका. पिशवीत घाला आणि आधी डॉक्टरांना दाखवा.