खेळाच्या पटावर सिंदखेड, शके १५५१ : एक थ्रेड

१/
टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एका पात्राचे आयुष्य हाती घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे निर्णय घेतात आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासा पडतो. टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचे स्वरूप थोडक्यात असे. हा खेळ बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजात घडवायचा झाला, तर ते शहर कशाच्या आधारावर उभारायचे, हा या थ्रेडचा विषय.

२/
आधी थोडी वंशावळ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियात लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशा, सोंगट्या आणि फासे घेऊन युद्धाचा खेळ खेळला जाई. त्या परंपरेतून पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. १९७६ मध्ये जजेस गिल्डने 'सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड' प्रसिद्ध केले. त्यात एका सबंध शहराचा नकाशा, गल्ल्या, दुकाने आणि दुकानदार होते. भुयारातून बाहेर पडलेल्या खेळाला तिथे शहर मिळाले.

३/
तेव्हापासून खेळातले शहर म्हटले की एक साचा समोर येतो : तटबंदी, मद्यगृह, चोरांची टोळी, जादूगाराचा मनोरा. पात्रे मद्यगृहात भेटतात आणि मोहीम सुरू होते. हा साचा दख्खनच्या कसब्यावर जसाच्या तसा ठेवला, तर पाट्या मराठी आणि गाव परके अशी अवस्था होते. इथे माणसे भेटतात ती पारावर, चावडीत, देवळाच्या ओवरीत, बाजारात आणि पाणवठ्यावर. कोण कुठे बसू शकतो, हेही तिथे आधीच ठरलेले असते.

४/
सिंदखेड म्हणजे लखुजीराजे जाधवरावांचे देशमुखीचे ठाणे आणि जिजाऊंचे जन्मस्थान. दर १२ जानेवारीला तिथे लोटणारा जनसमुदाय सर्वांच्या परिचयाचा आहे. राजवाडा, निळकंठेश्वर आणि रामेश्वर ही मंदिरे, जाड भिंतींचा काळाकोट, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव आणि लखुजीराजांची भव्य समाधी, एवढे अवशेष एका लहान गावात आजही उभे आहेत. नकाशा काढायला बसणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

५/
पण पहिली फसगत इथेच होते. खेळ १६२९ मध्ये सुरू होत असेल, तर आज गावात सर्वांत ठळक दिसणारी समाधी त्या नकाशावर असूच शकत नाही. जिच्यावर ती उभारायची, ती व्यक्ती अजून हयात आहे. बुलढाणा हा जिल्हाही नाही, ती इंग्रजी अमदानीतील रचना. प्रवाशाच्या हातातला आजचा नकाशा आणि त्या काळच्या रहिवाशाच्या मनातला नकाशा यांतले अंतर ओळखणे, हे खेळरचनेतले पहिले इतिहासकार्य होय.

६/
हे गाव दोन सत्तांच्या सांध्यावर होते. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाडची इमादशाही गिळली. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. 'आईन-इ-अकबरी'त मेहकर हे वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार म्हणून येते. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला, तरी मलिक अंबरने निजामशाही पुढे पाव शतक झुंजत ठेवली. लखुजीराजे या काळात निजामशाहीतून मोगलांकडे गेले आणि पुन्हा निजामशाहीत परतले. अशा गावात 'आपला राजा कोण' हा प्रश्न दर काही वर्षांनी नव्याने पडत असणार.

७/
मोहिमेच्या काळपटावर चार खिळे ठोकलेले आहेत. जुलै १६२९ : दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजीराजांची पुत्र व नातवासह हत्या. १९ फेब्रुवारी १६३० : शिवनेरीवर जिजाऊंच्या पोटी शिवरायांचा जन्म. १६३० : शाहजहान स्वतः दक्षिणेच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात दाखल. आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिल्याने १६३२ पर्यंत गुजरात व दख्खन होरपळून काढणारा दुष्काळ. हे खिळे कोणत्याही फाशाने हलत नाहीत.

८/
यावर आक्षेप येतो : शेवट ठाऊक असलेला खेळ कोण खेळेल? या आक्षेपात एक गृहीतक लपलेले आहे, की खेळायचे ते राजांचे आयुष्य. दौलताबादेत काय झाले हे ठरलेले आहे. ती बातमी सिंदखेडला पोहोचली त्या रात्री वेशीचा दरवाजा कोणाच्या हुकमाने बंद झाला, पेठेतला वाणी थांबला की निघून गेला, कुणब्याने बियाणे राखले की खाल्ले, हे कोणत्याही साधनात लिहिलेले नाही. खेळाला लागणारी मोकळी जागा नेमकी तिथे आहे.

९/
म्हणून या मोहिमेचा पहिला नियम : इतिहासप्रसिद्ध व्यक्ती खेळाडूच्या वाट्याला येत नाहीत आणि सूत्रधारही त्यांच्या तोंडी संवाद घालत नाही. लखुजीराजे, जिजाऊ, शहाजीराजे हे केवळ बातमीतून, हुकमाच्या परिणामातून, घोड्यांच्या धुळीतून जाणवतात. हा संकोच केवळ श्रद्धेपोटी नाही. सामान्य रहिवाशाला सत्ता अशीच दुरून कळत असे.

१०/
मग शहर कशाचे बनते? रस्त्यांचे नव्हे, हक्कांचे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांचे वतन. पेठेत शेटे आणि महाजन यांचे मान व लाजिमे. बलुतेदारांचा सुगीतला वाटा. नवी पेठ वसवायची तर कौल देऊन, काही वर्षे करात सूट देऊन व्यापारी आणावे लागत. सूत्रधाराने प्रत्येक घरापुढे दोन नोंदी कराव्यात : या घराला कोणाकडून काय येणे आहे आणि ते कोणाचे काय देणे लागते. या नोंदी जुळल्या की नकाशा आपोआप बोलू लागतो.

११/
खेळातली पात्रे सहसा बेवारस भटके असतात. त्या काळच्या भाषेत अशांसाठी नेमका शब्द आहे : उपरी. मिरासदाराची जमीन पिढीजात, उपऱ्याची कौलापुरती. चार-पाच उपरी एका सुगीत गावात येतात, अशी मोहिमेची सुरुवात करता येते. एखादा बारगीर, ज्याचा घोडा धन्याचा आहे आणि धनीच उरलेला नाही. एखादी विधवा, जिला माहेरच्या वतनात वाटा सांगायचा आहे. त्यांचे उद्दिष्ट खजिना नव्हे. गावाने त्यांना 'आपले' म्हणावे, हे उद्दिष्ट.

१२/
दुष्काळ खेळात आणायचा कसा? इथे बारव मदतीला येते. कागदावर बारा पायऱ्यांची बारव काढावी आणि पाण्याची पातळी एका सोंगटीने दाखवावी. प्रत्येक पंधरवड्याला फासा पडतो, सोंगटी खाली सरकते, एक पायरी उघडी होते. चौथ्या पायरीला भांडणे, सातवीला परागंदा होणारी कुटुंबे, दहावीला ओस पडू लागलेली पेठ. (बारा हा आकडा खेळापुरता आहे, पुतळा बारवेच्या पायऱ्यांची ती मोजदाद नव्हे.) तलवारीच्या फाशापेक्षा या फाशाची धास्ती मोठी असते.

१३/
पाण्याचा प्रश्न आला की जातीचा प्रश्न टाळता येत नाही. जातिभेद वगळून रचलेले सतराव्या शतकातले गाव हे खोटे गाव आहे. पण टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणाच्या आजोबांनी तो अपमान सोसलेला असू शकतो, हेही तितकेच खरे. करमणुकीच्या नावाखाली तो पुन्हा भोगायला लावण्याचा अधिकार सूत्रधाराला नाही. कोणता भार पात्रावर घ्यायचा, हे खेळापूर्वी ज्याने त्याने स्वतः ठरवावे, आणि नको म्हटले तर कारण विचारू नये.

१४/
त्याच वेळी एक गोष्ट विसरू नये. गावाच्या शिवेचा वाद उभा राहिला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई. शीव कुठून जाते हे पिढ्यान्पिढ्या त्याच्या स्मरणात असे. ज्याला गावात जागा नाही, त्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरते. हा विरोधाभास सूत्रधाराने रचलेला नाही, तो त्या समाजव्यवस्थेतच होता. खेळाने तो फक्त झाकू नये.

१५/
मोहिमेतील मोठे संघर्ष लढाईने नव्हे, गोतसभेने सोडवावेत. वादी-प्रतिवादी आपापला करीना मांडतात, साक्षी होतात, निवाड्याचा महजर लिहिला जातो. महजरावर लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या असत : पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापली हत्यारे. खेळाडूने आपल्या पात्राची निशाणी स्वतः काढावी. एका सत्राच्या अखेरीस कागदावर पाच निशाण्या उमटल्या, की त्या निर्णयाची जबाबदारी पाच जणांची झाली.

१६/
साक्षीपुराव्याने वाद मिटला नाही तर दिव्य करावे लागे. रवा दिव्यात उकळत्या तेल-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. हात भाजला की दावा खोटा. दिव्याचा निकाल फाशाने लावण्याचा मोह सूत्रधाराला होईल. तो मोह आवरावा. फासा न्यायी असतो असे खेळाडू मानतात, आणि दिव्यही न्यायी होते असा समज त्यातून पसरेल. दिव्यापर्यंत गोष्ट जाऊ न देणे, हेच पात्रांचे खरे कसब ठरावे.

१७/
काळही त्या काळचाच मोजावा. ६० घटकांचा दिवस, २४ मिनिटांची घटका, साडेसात घटकांचा प्रहर. पंचांगात शक, निजामशाही कागदांत शुहूर सन, मोगली कागदांत हिजरी. एकाच गावात तीन कालगणना. कोणता अधिकारी कोणत्या सनात कागद लिहून मागतो, यावरून खेळाडूंना कळते की आज गावावर कोणाचा अंमल आहे. सत्तांतराचे याहून शांत चिन्ह सापडणे कठीण.

१८/
शहराला परिसर हवा. लोणारच्या खाऱ्या सरोवराचा उल्लेख 'आईन-इ-अकबरी'त काच आणि साबण यांच्या कच्च्या मालासंदर्भात येतो; तिकडून येणारा व्यापारी पेठेत असू शकेल. उत्तरेस घाट उतरला की रोहिणखेड, मलकापूर आणि पुढे बुऱ्हाणपूर. बादशाही छावणीला धान्य आणि वैरण लागते, ती या मुलखातूनही ओढली जाणार. दुष्काळात उभ्या असलेल्या फौजेएवढा मोठा राक्षस कोणत्याही कल्पित भुयारात नसतो.

१९/
या साऱ्यातून घडणारा एक प्रसंग. सोंगटी सहाव्या पायरीवर आहे. छावणीचा माणूस धान्याला तिप्पट भाव देतो. पेवात आहे ते पुढच्या पेरणीचे बी. देशमुखांच्या वाड्यातली कर्ती माणसे दौलताबादेत मारली गेली आहेत, उरलेले घराणे मोगलांकडे वळते आहे. बी विकले तर कर्ज फिटते, न विकले तर ते बळाने नेले जाण्याची भीती. चार उपरी आणि एक पाटील रात्रीच्या एका प्रहरात निर्णय घेतात. काहीही ठरले तरी कोणाचे तरी घर उठणार आहे.

२०/
आता सर्वांत नाजूक मुद्दा. सूत्रधाराने आपली टिपणे तीन शाईंत लिहावीत. काळी : साधनांत आढळते ते. निळी : त्या काळच्या रिवाजावरून करता येणारे अनुमान. तांबडी : निव्वळ कल्पना. दौलताबादची हत्या काळ्या शाईत. सिंदखेडच्या पेठेत शेटे-महाजन असावेत, हे निळ्या. धान्याच्या तिप्पट भावाचा सौदा, बारवेच्या बारा पायऱ्या, वेशीवरचा तो प्रसंग, हे सारे तांबड्या.

२१/
ही शिस्त अनावश्यक काटेकोरपणा वाटेल. परंतु टिपणाच्या एका पानाचा फोटो निघतो, गटागटांतून फिरतो आणि तांबडी शाई काळी होऊन परत येते. जिजाऊंच्या जन्मगावाविषयी लोकांच्या मनात अपार जिव्हाळा आहे. एवढ्या जिव्हाळ्याच्या विषयावर कल्पित प्रसंगही चटकन खरा मानला जातो. उद्या एखादा विद्यार्थी त्या प्रसंगाचा शोध दप्तरात घेईल आणि त्याची वर्षे वाया जातील. नुकसान त्याचे होईल, आणि गावाचेही. खऱ्या अवशेषांकडे मग कोणी पाहणार नाही.

२२/
खेळ इतिहास शिकवतो असा दावा करण्याचे कारण नाही. तो एवढेच करतो, की ज्यांची नावे दप्तरात आली नाहीत त्यांच्यापुढे कोणकोणते पर्याय होते, याचा विचार करायला भाग पाडतो. १६३० च्या दुष्काळाविषयी एक ओळ वाचणे वेगळे आणि सोंगटी स्वतःच्या हाताने एक पायरी खाली सरकवणे वेगळे.

२३/
मेहकर, मलकापूर, साखरखेर्डा, देऊळगावराजा : या जिल्ह्यातले कोणतेही जुने गाव घेऊन हा प्रयोग करता येईल. आरंभ तटबंदीपासून करू नये. गाव पाणी कुठून पिते, त्या पाण्यावर कोणाचा हक्क आहे आणि ते आटले तर प्रथम कोण गाव सोडते, हे तीन प्रश्न आधी लिहावेत. उत्तरे तीन शाईंत वेगळी केली की पहिल्या सत्राची तयारी झाली.

(थ्रेड समाप्त. आपापल्या गावाची निळ्या शाईतली टिपणे खाली जरूर जोडावीत.)