मुक्कामाची यादी

हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचं ठरलं की आप्पा आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढून घ्यायचे. सामानाचं नंतर, तिथी आधी. शुद्ध दशमी ते पौर्णिमा या दिवसांत शनिवार सापडला की त्याभोवती पेन्सिलीनं गोल पडायचा. चांदणं असलं की विजेरीचे सेल वाचतात आणि टोलार खिंडीत उशीर झाला तरी पाऊल कुठे पडतंय ते दिसतं, हा त्यांचा हिशेब. मग पाठकोऱ्या कागदावर यादी सुरू व्हायची. पहिल्या ओळीत कायम एकच शब्द असे, पाणी.

गड अकोले तालुक्यात, अहिल्यानगर (पूर्वीचा नगर), पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमेलगत. उंची १,४२४ मीटर. वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आहे, शेजारी कातळात खोदलेल्या गुहा, थंडगार पाण्याची टाकी आणि सप्ततीर्थ पुष्करणी. कोकणकडा तिथून बराच पुढे आणि कड्याजवळ भरवशाचं पाणी नाही. त्यामुळे झोपायचं देवळाजवळच्या गुहेत आणि कड्यावर जायचं ते सूर्यास्त बघायला, हे आमच्या घरी वादाच्या पलीकडचं होतं. चांगदेवांनी या गडावर तप केलं आणि ‘तत्त्वसार’ इथेच लिहिला असं सांगतात. त्यांनाही पाण्याजवळचीच गुहा धरावी लागली असेल. ज्यांनी टाकी खोदली त्यांनीच पुढच्या सगळ्यांच्या मुक्कामाची जागा ठरवून ठेवली, असं मला तिथे दर वेळी वाटतं आणि त्या अनाम हातांबद्दल मन भरून येतं.

आप्पांची यादी छोटी असे. घोंगडी, तांब्या, काड्यापेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत, डाळ-तांदूळ, मीठ-मसाल्याच्या पुड्या, मेणबत्त्या. आळेफाट्याहून माळशेज घाटाकडे जाणारी एसटी धरायची, खुबी फाट्यावर उतरायचं आणि पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरपर्यंत चालायचं. आईनं बांधून दिलेल्या दशम्या त्या भिंतीवरच संपायच्या.

कॉलेजात यादी माझ्या हाती आली आणि लांबली. वैयक्तिक आणि सामायिक असे दोन रकाने झाले. पंपाचा स्टोव्ह, त्याची पिन, रॉकेलचा डबा (तांदळाच्या सॅकमध्ये चुकूनही नाही), मोठं पातेलं, दोर, प्रथमोपचाराची पेटी. सामायिक ओझं कोणी किती उचलायचं यावरून निघण्याच्या आदल्या रात्री खरी मैत्री कळायची. बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं चढायचं असलं की यादीत एक जाणता माणूस आधी लिहायचा, बाकी सगळं त्याच्याखाली. ती वाट मोठाल्या दगडधोंड्यांच्या घळीतून कोकणकड्याला खेटून वर येते आणि पहाटे निघालं नाही तर अंधार वाटेतच गाठतो.

पावसाळ्यातला मुक्काम सर्वांत कठीण आणि मला सर्वांत प्रिय. कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसतं. खालच्या ढगात उमटलेलं पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. कर्नल साईक्स यांनी केलेलं त्याचं वर्णन १८३५ साली प्रसिद्ध झालं. कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे, म्हणून ते दिसायला ऊन पाठीमागून, म्हणजे सकाळचं यावं लागतं आणि समोरच्या दरीत धुकं भरलेलं असावं लागतं. सकाळी पायथ्यापासून निघणारा माणूस त्या वेळेला पोचत नाही. रात्र वरच काढावी लागते. अंगावरचं सगळं भिजणारच हे धरून कोरड्या कपड्यांचा एक जोड तिहेरी पिशवीत बांधायचा आणि काही झालं तरी तो गुहेत शिरेपर्यंत सोडायचा नाही. एवढं करूनही इंद्रवज्र दिसेलच असं नाही. तरीही त्या आशेवर रात्र काढावी असा तो कडा आहे.

१९८६ साली हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आला. बिबट्या, भेकर आणि किती तरी पक्ष्यांचं हे घर. पण अभयारण्य कागदावर येणं वेगळं आणि माणसांच्या सॅकमधल्या यादीत येणं वेगळं. माझ्या यादीत ते लेकीमुळे आलं. तिला पहिल्यांदा गडावर न्यायचं ठरलं तेव्हा मी तिला काय काय लागेल ते लिहायला बसले आणि लिहिता लिहिता प्रश्न उलटा झाला. आपण आठ जण रात्रभर वर राहिलो तर डोंगराला काय सोसावं लागेल? त्या दिवशी यादीत खुरपं आलं. सकाळचे विधी टाक्यांपासून आणि ओढ्यापासून लांब, उतार पाण्याकडे जात नाही अशा जागी, वीतभर खड्डा करून आणि वर माती लोटून करायचे. हे मुलांना लाजून सांगू नये, रांगोळी शिकवावी इतक्या मोकळेपणानं शिकवावं. शेकोटी यादीतून गेली. दिवाळीनंतर गवत वाळत जातं आणि उन्हाळ्यात एक ठिणगी अख्खं पठार जाळते. शिवाय वाळलेलं लाकूडही जंगलाचंच असतं. ऊब हवी तर आणखी एक स्वेटर न्यावा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटं आखडतात, ती आखडू द्यावीत.

आता शनिवारी कोकणकड्यावर तंबूंच्या रांगा लागतात. तरुण मुलं डोंगरात येतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण रात्री स्पीकर लावून नाचणं आणि कड्याच्या ओठावर तंबू ठोकणं, या दोन्ही गोष्टी मला असह्य होतात. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे. काठावरून खालचा आधार दिसत नाही, वारा दरीतून वर उसळतो आणि झोपेत उठून बाहेर पडणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही.

गुडघे बोलू लागल्यापासून मी पाचनईची सोपी वाट धरते. राजूरमार्गे गाडी पायथ्याच्या गावात पोचते आणि दोन-तीन तासांत देऊळ दिसतं. आता माझी यादी आप्पांच्या यादीइतकीच छोटी झाली आहे, कारण अर्धं सामान गावातल्या एका घरानं पेललंय. तिथल्या मावशी वर पिठलं-भाकरी करून देतात. पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, माणसं किती ते नक्की सांगा. पीठ डोक्यावर न्यावं लागतंय.” त्या एका वाक्यानं मुक्कामाच्या आखणीबद्दल मला सर्वांत जास्त शिकवलं. आपण “बघू, येऊ आठ-दहा जण” म्हणतो, तेव्हा त्या संदिग्ध दोघांचं पीठ, कांदे आणि पाणी कुणीतरी चढण चढून नेलेलं असतं. नाही गेलो तर ते त्यांच्या माथी पडतं.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. शनिवार सोडून मधल्या वारी जा. निघण्यापूर्वी त्या हंगामात वर राहायला परवानगी आहे का, ते वनखात्याकडे किंवा गावात विचारा आणि नाही म्हणाले तर पाचनईतच एखाद्या घरी पडवीत झोपा. पहाटे निघून गड होतो. नेलेली प्रत्येक पिशवी खाली आणा. आणि जेवणाला माणसं किती ते दोन दिवस आधी फोन करून सांगा, मग त्यात बदल करू नका.