पितळेची काडतुसे

आमचे तळोदा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. घरात दादाजानची बारा बोअरची दुनळी बंदूक होती. मगरिबनंतर ते पितळेची रिकामी काडतुसे पुन्हा भरत. नवी टोपी बसवायची, मापाने काळी दारू ओतायची, पुठ्ठ्याची चकती आणि नमदा दाबायचा, छर्रे भरायचे, वर पुन्हा चकती, आणि तोंड मेणाने बंद. चकत्या आम्ही भावंडे कापत असू. "दारू कमी पडली तर जनावर जखमी होऊन पळतं. त्याचा गुनाह आपल्या माथी," दादाजान बजावत.

१९६८च्या हिवाळ्यात सातपुड्यात त्यांनी बिस्मिल्ला म्हणून भेकरावर बार काढला. सुरी घेऊन आम्ही धावलो. पोहोचेपर्यंत त्याचा जीव गेला होता. आमच्या हनफी मसल्याप्रमाणे गोळीने मेलेले, जबह न झालेले जनावर हलाल नाही. मांस घरी आले नाही. "जीव फुकट घेतला," एवढेच दादाजान बोलले. त्यानंतर त्यांनी काडतूस भरले नाही.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकारी मंडळी कुरकुरली. दादाजान गप्प होते; त्यांचा कायदा चार वर्षे आधीच झाला होता.