बसणें आणि जुळणें

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यांत ओहोटी साधून जाणारे लोक उत्तरेकडील तटाजवळच्या दोन तोफांपाशीं हटकून थांबतात. चाकांच्या गाड्यांवर चढविलेल्या या तोफांवर यॉर्कशायरमधील लो मूर कारखान्याचें नांव आहे. पाहणारा त्यांची लांबी पाहतो. परंतु तोफेचें मर्म तिच्या पोकळींत असतें. पूर्वीं तोफेची ओळख गोळ्याच्या वजनावरून, बारा पौंडी, चोवीस पौंडी अशी सांगत. गोळा नळीहून किंचित लहान ठेवीत. फार सैल झाला तर वायु बगलेनें निसटून बार वायां जाई. काजळी धरलेल्या नळींत घट्ट अडकला तर तोफच फुटण्याची भीति असे.

बंदुकीचा हिशेबहि असाच आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर एका गोळ्याचा जो व्यास तोच बारा बोअरच्या नळीचा, म्हणजे सुमारें १८.५ मिलिमीटर. वीस गोळे केले तर १५.६. आंकडा वाढतो तशी नळी अरुंद होते.

माझ्या मामांची चौलच्या बाजूस पोफळीची वाडी होती आणि रानडुकरांसाठीं परवान्याची बारा बोअरची दुनळी होती. एकदां एका पाहुण्यांनीं आपल्या जवळचीं कांहीं काडतुसें सद्भावानें मामांच्या पिशवींत टाकलीं. मामांनीं तीं सारीं ओसरीवर ओतलीं. मला म्हणाले, “अरे, बुडावरचा आंकडा मोठ्यानें वाच.” तीन काडतुसें वीसचीं निघालीं. पाहुणे हंसून म्हणाले, “लहानच आहेत, सहज बसतील.” मामा म्हणाले, “बसतील, म्हणूनच भीति. दिवा मंद आहे. उरलेलीं सकाळीं उजेडांत पाहूं.” त्या रात्रीं डुकरांनीं रताळ्यांचा वाफा उकरून टाकला, पण मामांनीं बार काढला नाहीं.

त्या भीतीचें कारण असें. मोठें काडतूस लहान नळींत शिरतच नाहीं. लोखंडच त्याला नकार देतें. परंतु वीसचें काडतूस बाराच्या घरांतून पुढें घसरतें आणि नळी जेथें निमुळती होते तेथें अडकतें. मागून पाहावें तर घर रिकामें दिसतें. मग मागें बाराचें काडतूस भरून चाप ओढला, कीं वायूची वाट बंद असल्यानें नळी फुटते, आणि तीहि बहुधा पुढचा हात असतो त्याच्याच आसपास. म्हणून वीसच्या काडतुसांस पिवळा रंग देण्याचा प्रघात पडला.

लांबीचेंहि तसेंच आहे. ६५ मिलिमीटरच्या घरांत ७० चें काडतूस मिटलेलें असतांना बसतें. उडतांना त्याचें तोंड उलगडतें, त्यास जागा अपुरी पडते आणि दाब वाढतो.

आजहि कित्येक घरांत आजोबांची बंदूक वारसानें, नव्या परवान्यासह, नातवाकडे येते. तिजबरोबर जुन्या डब्यांतलीं काडतुसेंहि येतात. नळीवरचा आंकडा पुसट झाला असेल, तर परवानाधारक कारागिराकडून नळी व घर मोजून घ्यावें आणि तोंवर बंदूक रिकामी ठेवावी. मामांचा एक वाफा गेला. पाहुण्यांचे दोन्ही हात शाबूत राहिले.