फळ्यावरचं डुक्कर

तारकर्लीच्या रस्त्याला आमचं घर. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तसा पुढे कित्येकांनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. मीही काढल्या. इंग्रजी बेताचं, बोलायची हौस दांडगी.

एकदा मुंबईची कॉलेजची पोरं उतरली. कोंबडी-वडे, वर सुरमईच्या तळलेल्या तुकड्या, सोलकढीवर सोलकढी. पडवीत आडवं होत एकजण म्हणाला, ‘‘काका, आज जाम पिग आउट केलं.’’ म्हणजे पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लं. मला हे इतकं आवडलं की फाटकाजवळच्या फळ्यावर, त्या दिवशीच्या माशांच्या नावांखाली, खडूने इंग्रजीत लिहूनच टाकलं: या आणि पिग आउट करा.

आईने अर्थ विचारला. सांगितला. ‘‘मेल्या, पावण्यांका डुकर म्हणतंस?’’ मी हसण्यावारी नेलं.

पाहुणे फळा बघून विचारायचे, हा शब्द आला कुठून? ‘ठाऊक नाही’ म्हणून गजाल मोडायची आमच्याकडे रीत नाही. मी ठोकून दिलं: गोरा साहेब सावंतवाडीकडे शिकारीला यायचा, भात पिकलं की रानडुकरं रात्री रानातून बाहेर पडतात, सुरण उकरतात, उभं शेत आडवं करतात, ते बघून साहेबाने हा शब्द काढला. डुक्कर बाहेर पडलं, म्हणून ‘पिग’ आणि ‘आउट’! डुकरांचा भाग अगदी खरा, नुकसान आम्ही दरवर्षी सोसतो. त्याच्या आडोशाने साहेबही खपून जायचा.

मे महिन्यात इंग्रजीच्या एक निवृत्त बाई आल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वडा मोडता मोडता माझा साहेब निकालात काढला. हा प्रयोग अमेरिकन बोलीतला, १९७० च्या दशकात रुळलेला. तेव्हा साहेबाला इथून जाऊन पंचवीस-तीस वर्षं झाली होती. ‘पिग’ म्हणजे अधाशासारखं खाणं, आणि ‘आउट’ हा ‘फ्रीक आउट’मधला, भान सोडून केलेल्या गोष्टीला जोडायचा. ‘‘शिवाय हे माणूस स्वतःबद्दल म्हणतो, नाहीतर दोस्तांत. पाहुण्याला नाही. तुमचं ‘आडवा हात मारा’ हे आमंत्रण झालं, हे नव्हे.’’ आई आतून ऐकत होती. काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

फळा पुसला. पण त्याहून वाईट गोष्ट फळ्यावर नव्हतीच. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात, आणि मी पाचव्या मिनिटाला ‘अजून एक’ म्हणत पानात वडा टाकायचो. एक भिडस्त गृहस्थ माझं मन राखायला खात राहिले आणि रात्रभर पडवीत ओवा चघळत बसले. सकाळी ‘जेवण छान होतं’ म्हणाले. मी ते शब्दशः खरं मानलं, वर खापरोळ्याही वाढल्या. आता वडे मध्ये ठेवतो. हवे त्याने घ्यावेत. हात शिवशिवतो, पण ठेवतो.

साहेबाचा बंदोबस्त मात्र होत नाही. त्या कॉलेजच्या पोरांतला एकजण पुन्हा उतरला तेव्हा कळलं, त्याने ती गोष्ट ऑफिसभर सांगितली आहे. मी खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, ‘‘काका, तुमचीच बरी आहे.’’