भिंतीला माणसं लागतात

पहिल्या कार्यशाळेच्या आदल्या रात्री अम्मीनं मला विचारलं होतं, "पैसे देको चिखल तुडवने आते लोगां?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग भांडी आवरता आवरता म्हणाली, "मेरेको तो किसीने पैसे नै दिये थे."

त्या वेळी मी हसून विषय टाळला. आज पाच हिवाळे झाले, तरी त्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे पुरतं तयार नाही. हा लेख त्याच्याबद्दलच आहे.

कोरेगावहून रहिमतपूरकडे जाताना आत वळलं की आमचं सव्वा एकर रान लागतं. शेजारी आल्याचे वाफे आहेत, ऊस आहे, पावसाळ्यात घेवडा असतो. पुण्यातली नोकरी सोडून इथं आलो तेव्हा मी दोन खणांचं मातीचं घर बांधलं. बघायला लोक यायला लागले, विचारायला लागले, आणि त्यातूनच तीन-तीन दिवसांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. डिसेंबर ते मार्च एवढाच त्यांचा हंगाम. पावसाळ्यात ओली भिंत वाळत नाही आणि कडक उन्हात ती इतक्या लवकर वाळते की भेगा पडतात.

पुण्या-मुंबईची माणसं येतात, आर्किटेक्चरची पोरं येतात, सांगलीहून एकदा निवृत्त शिक्षक जोडपं आलं होतं. 'पर्माकल्चर' हा शब्द बहुतेकांनी इंटरनेटवर वाचलेला असतो. ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी १९७८ साली त्यावरचं पहिलं पुस्तक काढलं. शेत, घर, पाणी, जनावरं यांची मांडणी अशी करायची, की एकाकडून वाया जाणारं दुसऱ्याच्या कामी यावं. आमच्या न्हाणीचं पाणी केळी आणि अळवाच्या आळ्यात जातं. भिंतीसाठी माती जिथून काढली, तो खड्डा आता पावसाचं पाणी धरतो. उतारावर समतल चर आहेत. समतल चर मात्र कोरेगाव तालुक्यात कुणाला शिकवावे लागत नाहीत. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत आमच्याच तालुक्यातलं वेळू गाव राज्यात पहिलं आलं, ते गावानं श्रमदानाला हात लावले म्हणून.

आणि ज्याला हे सगळं बाहेरून आलेलं वाटतं, त्याला मी श्री. अ. दाभोलकरांबद्दल सांगतो. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक. दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसं नीट जगेल, याचा हिशेब ते सूर्यप्रकाश आणि पानांपासून मांडायचे. त्यांच्या प्रयोग परिवारातले तासगाव भागातले द्राक्षबागायतदार कुणा तज्ज्ञाची वाट न बघता एकमेकांच्या बागेतून शिकले. शेतकरीच शेतकऱ्याचा मास्तर, ही गोष्ट इथं जुनीच आहे.

आमच्याकडचे मास्तर म्हणजे तात्या. सत्तरी ओलांडलेले गवंडी. त्यांच्या वडिलांनी गावातल्या कितीतरी वाड्यांच्या भिंती चढवलेल्या. पहिल्या दिवशी सकाळी मी बरण्यांचा प्रयोग दाखवतो. बरणीत माती घालायची, पाणी ओतायचं, हलवून ठेवून द्यायचं. तळाशी वाळू बसते, त्यावर गाळ, वर चिकणमाती. कशाचं प्रमाण किती ते दिसतं. तात्या तोवर मातीची चिमूट तळहातावर चोळतात, वळी वळून बघतात आणि बरणी निवळायच्या आत निकाल देतात, "ही काळी हाय. फुगंल आन आखडंल. भितीला चालायची न्हाई. पांढरीची आणा."

'काळी' म्हणजे शेत आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण, हे आपल्या भाषेत उगाच आलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या पडलेल्या, पुन्हा उभ्या राहिलेल्या घरांची ती माती. एक घर पडलं की त्याच्याच मातीचं दुसरं उठायचं. सिमेंटच्या घराचा मात्र फक्त राडारोडा होतो.

मग चिखल. पाणी घालून दोन-तीन दिवस आंबवलेला, त्यात भाताचं तूस आणि कापलेलं गवत. शहरातली माणसं पहिल्यांदा त्यात पाय घालतात तेव्हा नाक मुरडतात, पाचव्या मिनिटाला लहान होतात. भिंत एका दिवसात हात-दीड हातच चढवायची, वरचा थर बसेपर्यंत खालच्याला दम द्यायचा. खाली दोन फूट दगडी जोतं, वर भिंतीच्या बाहेर चांगला आलेला छपराचा वळचणीचा भाग. "पाय कोरडं आन डोस्कं झाकल्यालं असलं की भित मरत न्हाई," हे तात्यांचं वाक्य दर बॅचला वहीत लिहून घेतलं जातं. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, हेही ते बजावतात. आतली ओल बाहेर निघत नाही, भिंत आतून कुजते आणि एक दिवस गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो.

दर वेळी कुणीतरी भूकंपाचं विचारतं, आणि विचारायलाच हवं. आमच्या जिल्ह्यात ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेनं किती घरं पाडली, ते तात्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. तिथं मातीनं मारलं, असं सरसकट म्हटलं जातं. जाड भिंतीच्या दोन बाजूंचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, मातीचा सांधा कमजोर होता, आणि वर धाब्याचं टनावारी ओझं होतं. म्हणून आम्ही भिंतीला आरपार जाणारे दगड घालतो, दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा पट्टा घेतो, छप्पर हलकं ठेवतो. मातीवर प्रेम आहे म्हणून मातीचे दोष लपवायचे नाहीत, एवढा नियम मी पाळतो.

पण माणसांच्या बाबतीत मी तो पाळला नव्हता. दुसऱ्या वर्षी एका मुलीनं जेवताना सहज विचारलं, "तात्यांना तुम्ही मानधन किती देता?" मी त्यांना गवंड्याची रोजची मजुरी देत होतो. त्या मुलीनं तीन दिवसांसाठी भरलेले पैसे तात्यांच्या आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त होते. माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. आंबवलेल्या चिखलाची माहिती मी त्यांच्याकडून घेतली, तिला 'सत्र' असं नाव दिलं आणि विकली. त्या हंगामापासून जमा होणाऱ्या रकमेत तात्यांचा ठरलेला वाटा असतो. त्यांना पहिल्यांदा पैसे मोजून दिले तेव्हा ते म्हणाले, "आरं, एवढं काय शिकवलं मी?" त्या प्रश्नानं मला जास्त लाज वाटली.

आणि अम्मी? तिचं काय?

आमचं जुनं घर मातीचंच होतं. दर सणाच्या आधी भिंती लिपायच्या, दर आठवड्याला जमीन सारवायची, मेअखेर कौलं चाळायची. कौलं अब्बा चाळायचे. बाकी सगळं अम्मी आणि आजी. १९९८ साली अब्बांनी स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा अम्मी रडली होती. मला वाटायचं, जुनं घर गेलं म्हणून. मागच्या वर्षी मी ते बोललो, तर ती म्हणाली, "येडा है क्या? खुशी से रोई मैं. हात छुटे मेरे."

मातीच्या घराचं गुणगान करणाऱ्या आम्हा पुरुषांनी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवायला हवं. गावात लोक स्लॅब का टाकतात, याची चर्चा आम्ही 'दिखावा', 'सिमेंट कंपन्यांची जाहिरात' अशी करतो. घरकुलाच्या कागदावर मातीची भिंत 'कच्ची' ठरते, हेही खरंच आहे. पण स्लॅबनं बाईचे हात सोडवले, हे कारण कुणी सांगत नाही. सिमेंटला शेजारी लागत नाहीत. मातीला लागतात, आणि शेजारी आले नाहीत तर घरातली बाई लागते.

जुन्या काळी यासाठीच इर्जिक होती. एकाच्या कामाला सगळा गाव, जेवण त्याच्या घरी, उद्या तो दुसऱ्याच्या कामाला. इर्जिक गेली आणि मातीच्या घराचा सगळा भार एकेका घरावर आला. मग ते परवडेना. माती हरली ती इथं, असं मला वाटतं.

आफ्रिकेतल्या माली देशात जेने नावाचं गाव आहे. तिथली जामा मशीद पूर्ण मातीची आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या मातीच्या इमारतींपैकी एक. आजची इमारत १९०७ ची, १९८८ पासून जागतिक वारसा. तिच्या भिंतींतून ताडाच्या खोडांच्या खुंट्या बाहेर आलेल्या दिसतात. नक्षी वाटते, पण तिच्यावर चढून भिंत लिपतात. दरवर्षी पावसाआधी एक दिवस ठरतो आणि सगळं गाव मशीद लिपतं. पोरं खड्ड्यात चिखल तुडवतात, बाया पाणी आणतात, गवंडी वर चढतात. २००९ च्या मोठ्या पावसात तिच्या एका मनोऱ्याचा भाग कोसळला होता, तो पुन्हा बांधला. ती मशीद शंभरावर वर्षं उभी आहे ती भक्कम आहे म्हणून नाही. दरवर्षी माणसं येतात म्हणून.

मदिनेतली पैगंबरांची मशीदही कच्च्या विटांची, खजुराच्या खोडांची आणि झावळ्यांच्या छपराची होती. विटा त्यांनी स्वतः सोबत्यांबरोबर वाहिल्या. पावसात छत गळायचं आणि सजद्यात कपाळाला चिखल लागायचा. आज मशीद बांधायची म्हटली की आपण आधी मिनाराच्या टाइल्स ठरवतो.

माणसं येतात, हे लिहिणं सोपं आहे. २०२३ च्या सप्टेंबरात शेजारच्या खटाव तालुक्यात, पुसेसावळीत, समाजमाध्यमांवरच्या पोस्टचं निमित्त झालं, जमावानं मशिदीवर हल्ला केला, एक तरुण जिवानिशी गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद होतं. त्या पावसात आमच्या पश्चिमेच्या भिंतीचा कोपरा ओला होऊन खाली आला होता. एरवी मी दोन हाका मारल्या असत्या. त्या आठवड्यात मला हाक मारायची भीती वाटली. कोण येईल, याची नाही. कोण येणार नाही, हे कळेल याची.

ताडपत्री बांधून मी दहा दिवस गप्प बसलो. अकराव्या दिवशी तात्या स्वतःच आले. बरोबर त्यांचा मुलगा आणि शेजारच्या रानातले दोघे. "भित उघडी ठिवून कुटं बसलायस?" एवढंच म्हणाले. त्या विषयावर कुणी काही बोललं नाही. अम्मीनं चहा केला, दुपारी भाकरी आणि घेवड्याची आमटी केली. संध्याकाळी कोपरा उभा राहिला. मजुरीचं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तात्या चिडले असते.

या गोष्टीनं सगळं ठीक झालं, असं मी म्हणणार नाही. गावात त्या दिवसांत काय काय बोललं गेलं, ते मीही ऐकलंय. त्या हिवाळ्यात नाव नोंदवलेल्या दोघांनी माझं आडनाव कळल्यावर काही कारण काढून पैसे परत मागितले, ते मी दिले. पण कोपऱ्यावर चार माणसांच्या बोटांचे ठसे आहेत आणि मी ते घोटून काढलेले नाहीत.

शेणाचं राहिलं. आमच्याकडे शेण नापाक मानतात. आजी सारवलेल्या जमिनीवर आधी चटई अंथरायची आणि मगच नमाजाला उभी राहायची. एकदा एका मुलानं कार्यशाळेत संकोचून विचारलं, शेण न घालता लिपता येईल का? मी तात्यांकडे बघितलं. तात्या काही बोलायच्या आत अम्मी ओट्यावरून उठली. तूस, बारीक चाळलेली माती, थोडा भिजवलेला चुना, असं तिनं सांगितलं. मग पदर खोचून नमाजाच्या खोलीची अर्धी भिंत तिनं स्वतः लिपून दाखवली. मनगट कसं फिरवायचं, कुठं दाबायचं, कुठं हात सैल सोडायचा. चौदा माणसं गप्प उभी राहून बघत होती.

त्या बॅचपासून लिपणाचा अर्धा दिवस अम्मीचा असतो आणि वाट्यात तिचंही नाव आहे. पहिल्यांदा पैसे दिले तेव्हा तिनं ते मोजले, पुन्हा मोजले, डब्यात ठेवले. काही म्हणाली नाही.

आता शेवटच्या दिवशी आम्ही प्रमाणपत्र देत नाही. एक वही ठेवतो. मेअखेरीला भिंत लिपायला कोण कोण परत येईल, त्यानं नाव लिहायचं. त्याचे पैसे आम्ही घेत नाही आणि देतही नाही. जेवण आमच्याकडे. मागच्या वर्षी अकरा जणांनी नावं लिहिली, चार आले. गावातले तीन होते. सात माणसांत दोन भिंती झाल्या.

यंदा पश्चिमेची भिंत पुन्हा घ्यायची आहे. काल तात्यांनी विचारलं, "वहीत किती हायेत?"

मी म्हटलं, "नऊ."

"मंजी तीन-चार येतील," तात्या म्हणाले. "बास हायेत. चिखल आंबवाय टाक."