वाडीला दिलेली मुलगी

श्रीवर्धनात पूर्वी स्थळ बघायला आलेली माणसं मुलाआधी वाडी बघत. पोफळी किती, माड किती, विहिरीला मे महिन्यात पाणी टिकतं का, एवढं बघून झालं की मग पोहे. माझ्या काकूच्या वडिलांनी तर म्हणे पोफळी मोजल्या होत्या. आणीबाणीतलं लग्न. तेव्हापासून काकू म्हणत आली, "मला माणसाला कुठे दिली? वाडीला दिली." काका ऐकायचे आणि अडकित्ता चालवत राहायचे.

ती वाडी मला आठवते ती काळोखी. भर दुपारी आत शिरलं तरी डोळे सरावायला वेळ लागे. सुपारी काढणारा पाडेली एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरीवर जाई, मग तिसरीवर, खाली उतरायचं नावच नाही. पोफळींवर मिरीचे वेल, मधूनमधून जायफळ, पाटाच्या कडेला अळू. सुपारी उतरवली की अंगणात पसरायची, सव्वा-दीड महिना ऊन द्यायचं, मग सोलायची. श्रीवर्धनी रोठा, पांढऱ्या गराची. सोलणं बायकांचं, हिशेब पुरुषांचा. आम्ही मुलं सुटीत यायचो आणि पोफळीच्या गळून पडलेल्या विरीवर बसून एकमेकांना ओढायचो, म्हणून आम्हाला ते सगळं रम्य वाटतं. कोकणातल्या वाडीचे गोडवे गाणारे बहुतेक सगळे पुण्या-मुंबईत राहतात, हेही आहेच.

काका-काकूंचं आपसातलं बोलणं तेव्हा कामापुरतं. "पाणी सोडलंय." "पान वाढलंय." काका दिवसभर वाडीत, काकू माजघरात.

3 जून 2020, बुधवार. टाळेबंदी चालू होती, त्यात निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. घरची सगळी कोठीच्या खोलीत बसलेली. काकू सांगते, आधी कौलं फुटल्याचं कळत होतं, मग पोफळी मोडल्याचं, आणि नंतर वाऱ्याशिवाय काही ऐकूच येईना. मधेच वारा फिरला. एका बाजूला वाकून जे वाचलं होतं ते दुसऱ्या बाजूला आडवं झालं. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर पलीकडच्या आळीतली घरं दिसत होती. लग्न होऊन आल्यापासून काकूने ती कधी या दारातून पाहिली नव्हती.

पुढे महिनाभर वीज नाही. सरकारने भरपाई जाहीर केली: पोफळीला 50 रुपये, माडाला 250. पडलेलं झाड तोडून वाडीबाहेर काढायलाच त्याहून जास्त मजुरी लागत होती, आणि पोफळीचं लाकूड फुकटही कुणी नेईना. ज्या थोड्या पोफळी उभ्या राहिल्या त्यांची सावली गेली होती. उन्हाने खोडं करपली, त्यातल्याही काही गेल्या.

पोफळ आज लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. काका सत्तरीत. मुलगा म्हणाला, पर्यटक येतात, चार खोल्या बांधू. काका काहीच म्हणाले नाहीत, ओटीवर बसून राहिले. शेवटी काकूच एक दिवस उठली आणि गावातल्या सुपारी संशोधन केंद्रात रोपांची चौकशी करून आली.

लागवडीच्या वेळी मी तिथे होतो. केंद्रातल्या लोकांनी नऊ फुटांचं अंतर सांगितलेलं. काथ्याच्या सुंभाला नऊ फुटांवर गाठ मारून एक टोक काकांनी धरलं, दुसरं काकूने. "मैदान करायचंय का इथे? आमच्या आजोबांनी चार-पाच फुटांवर लावल्या होत्या!" "आजोबांच्या उरल्यात किती, बघा जरा!" सुंभ भिजला की आखडतो, यावरून वेगळं भांडण. भांडता भांडता काका म्हणाले, "तुला वाडीला दिली होती ना? ती वाडी तर गेली. आता कुणाकडे राहतेस?" काकूने सुंभ ताणला. "नऊ फुटांवर," म्हणाली. एवढं लांबलेलं आणि एवढं मजेत चाललेलं बोलणं त्या दोघांमध्ये मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं. रोपं गुडघ्याएवढीही नव्हती म्हणून वाचली. सावलीसाठी लावलेल्या केळी तेवढ्या झोपल्या. त्या पुन्हा लावल्या.

आता वाडीत ऊन आहे. मला तो गारवा, तो काळोख हवासा वाटतो. काकूला अजिबात नाही. तिने परसात मोगरा लावलाय, भेंडी लावलीय, पडवळाचा मांडव घातलाय. पूर्वी तिथे हे काही जगायचंच नाही. खोल्याही झाल्या, चार नाही, दोन. घराजवळची एक पट्टी तिने मुद्दाम मोकळी ठेवून घेतली. काकांनी तिथे तीनदा रोप आणून ठेवलं, तीनदा तिने ते उचलून पलीकडे नेलं. संध्याकाळी दोघं तिथेच खुर्च्या टाकून बसतात आणि कुठली पोफळ मागे पडलीय यावर वाद घालतात.

काही पोफळींना यंदा पहिली पोय आली. काकांची आता नवी तक्रार आहे: पाडेली मिळत नाहीत, मिळाले तरी नऊ फुटांवर झोका पोचणार कसा? प्रत्येक झाडावर वेगळी चढ-उतार, वेगळी मजुरी. काकूने लांब दांड्याच्या आकडीची किंमत विचारून ठेवली आहे. काकांना ती महाग वाटते.